अपराधी कोण?

उन्हाळ्याची दीर्घ सुट्टी संपत आली म्हणजे आमचे स्नेही परस्परांस एक प्रश्न हटकून विचारतात : “मग, या सुट्टींत काय वाचलेंत?” हा प्रश्न वरकरणी क्षेमकुशल विचारल्यासारखा निरुपद्रवी असला, तरी शिक्षकाच्या पेशांत तीस वर्षें घालविलेल्या मनुष्यास त्यांत परीक्षेचा वास आल्यावांचून राहत नाहीं, आणि परीक्षेंत बहुतेक उमेदवार करतात त्याप्रमाणें आम्हीहि आजवर जें वाचलें तें न सांगतां, जें वाचावयास पाहिजे होतें तें सांगत आलों. यंदा मात्र खरें उत्तर देण्याचें आम्हीं ठरविलें. “अकरा कादंबऱ्या,” आम्ही म्हणालों, “सहा खुनाच्या आणि पांच जादूच्या.” हें ऐकून तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनीं चष्मा काढून पुसला, तो पुन्हां डोळ्यांवर चढविला, आणि पाऊस यंदा लवकर येणार काय असें विचारलें.

त्यांनीं विषय बदलला तो सौजन्यानें. परंतु आमच्या मनांतून तो गेला नाहीं. सुशिक्षित समाजांत या दोन प्रकारच्या कादंबऱ्यांविषयीं एक मत रूढ आहे, व तें बरींच वर्षें आमचेंहि होतें. रहस्यकथा ही क्षुद्र खरी, पण निदान ती याच जगांत घडते. तिच्यांत कार्यकारणभाव पाळला जातो व बुद्धीस थोडा व्यायाम मिळतो. म्हणून प्रतिष्ठित गृहस्थ ती आगगाडींत उघडपणें वाचूं शकतो. अद्भुतकथा मात्र मुलांनीं वाचावी. ज्या जगांत अंगठी घातली कीं माणूस अदृश्य होतो, त्या जगाशीं प्रौढ मनुष्याला काय कर्तव्य? सारांश, पहिली सत्याच्या जवळ व दुसरी सत्यापासून दूर, असा हा हिशेब आहे. या सुट्टींतल्या वाचनानें आमच्यापुरता तो चुकला, आणि तो कसा चुकला हें सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहों. पुस्तकांच्या वाङ्मयीन गुणदोषांची चर्चा येथें करण्याचा आमचा विचार नाहीं. कथानक आपण चार दिवसांत विसरतों. पण तें वाचतां वाचतां मनाला जी संवय जडते ती सहसा सुटत नाहीं. ती संवय चांगली कीं वाईट, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आरंभीं आम्ही रहस्यकथेवरील आमचें प्रेम कबूल करतों. लहानपणीं वाचनालयांतून बाबूराव अर्नाळकरांचे झुंझार व काळा पहाड आमच्या घरीं येत, आणि भूगोलाच्या पुस्तकाखालीं दडून आमच्या अभ्यासास सोबत करीत. पुढें इंग्रजी समजूं लागल्यावर कॉनन डॉयल आला, अॅगाथा ख्रिस्ती आली. आणि आज पन्नाशी उलटल्यावरहि, पहिल्याच प्रकरणांत एखाद्या श्रीमंत घराच्या पुस्तकांच्या खोलींत प्रेत सांपडलें, कीं आम्ही समाधानाचा सुस्कारा टाकून आरामखुर्चींत पाय लांब करतों. हें विचित्र आहे. शेजारीं कोणी वारल्याचें कळलें तर आपल्या घशाखालीं घास उतरत नाहीं. आणि येथें मात्र प्रेत पाहून चहाची आठवण होते! याचें कारण उघड आहे. रहस्यकथेंतील प्रेत हें शोकाचें कारण नसतें. ती गणिताची मांडणी असते. मेलेल्या माणसाविषयीं आपल्याला फारसें कांहीं वाटूं नये अशी लेखकाचीच योजना असते; म्हणून तो बहुधा धनाढ्य, तुसडा आणि मृत्युपत्र बदलण्याच्या बेतांत असलेला म्हातारा असतो.

या गणिताला नियमहि आहेत. इ. स. १९२९ मध्यें रोनाल्ड नॉक्स नांवाच्या इंग्रज लेखकानें, जो धर्मोपदेशकहि होता, रहस्यकथेसाठीं दहा आज्ञा लिहून काढल्या. अपराधी कथेच्या आरंभींच वाचकाच्या नजरेस पडला पाहिजे. दैवी अगर अमानुष शक्तीचा आधार घेतां कामा नये. तपास करणारानें स्वतः गुन्हा केलेला असूं नये. अशा प्रकारच्या त्या आज्ञा आहेत. पुढल्याच वर्षीं लंडनमध्यें अशा लेखकांनीं आपलें एक मंडळ स्थापिलें, आणि वाचकांशीं प्रामाणिकपणें वागण्याची शपथ सभासदांकडून घेण्याचा प्रघात पाडला. अशी शपथ इतिहास लिहिणाऱ्यांकडूनहि घेतली जाती तर किती बरें झालें असतें! परंतु नॉक्सच्या दहा आज्ञांत एक अकरावी आज्ञा नाहीं. कारण ती लिहून ठेवण्याची गरजच कोणास वाटली नाहीं. ती अशी : अपराधी असलाच पाहिजे.

ही आज्ञा दिसते तितकी साधी नाहीं. दोनशें पानें आपण त्या घरांतील माणसें पाहत असतों. काकाच्या मरणाची वाट पाहणारा पुतण्या, औषधाविषयीं खोटें बोलणारा डॉक्टर, नवऱ्याचा मनापासून द्वेष करणारी पत्नी, नोकरांना गुरांप्रमाणें वागविणारी आत्या, यांपैकीं एकहि माणूस निर्मळ नसतें. आणि तें तसें नसतें म्हणूनच प्रत्येकाचा संशय येतो. शेवटच्या प्रकरणांत सर्वांना दिवाणखान्यांत जमवितात, बोट एकाकडे वळतें, आणि त्याच क्षणीं बाकीचीं सगळीं धुतल्या तांदळासारखीं होतात. पुतण्याचा लोभ, डॉक्टरचें खोटें, पत्नीचा द्वेष यांची पुन्हां कोणी विचारपूस करीत नाहीं. सर्वांच्या पापाचें एक गांठोडें बांधून तें एकाच्या डोक्यावर दिलें कीं घर स्वच्छ झालें! आणि त्या सुटलेल्यांत आपण वाचकहि असतों. डब्ल्यू. एच. ऑडन हा कवि या कथांचा व्यसनी होता. १९४८ च्या एका निबंधांत आपल्या व्यसनाची चिकित्सा करतांना त्यानें असें मत मांडलें कीं या कथांच्या नादीं लागणारा वाचक बहुधा स्वतःच्याच पापाच्या जाणिवेनें अस्वस्थ असतो, आणि त्याला हवी असते ती निष्पापपणाची भ्रांति. रोग्यानेंच केलेलें हें निदान आम्हांस पटतें.

नवल असें कीं रहस्यकथेच्या जन्माच्या वेळीं ही अकरावी आज्ञा अस्तित्वांत नव्हती. आधुनिक रहस्यकथेचा आरंभ एडगर अॅलन पो याच्या १८४१ सालच्या एका कथेपासून धरतात. पॅरिसमध्यें मॉर्ग नांवाच्या रस्त्यावरील घरांत आई व मुलगी यांचा भीषण अंत होतो. खोलीचें दार आंतून बंद असतें. त्या बाईस पैसे पोंचविण्यास गेलेल्या एका पेढीवरील कारकुनास पोलीस पकडतात. मग ड्यूपिन नांवाचा बुद्धिमान गृहस्थ तपास लावतो, आणि निष्पन्न काय होतें? एका खलाशानें बोर्निओहून आणलेला ओरँग-उटांग हातांत वस्तरा घेऊन पळाला होता! म्हणजे या पहिल्याच रहस्यकथेंत प्रेतें आहेत, पुरावा आहे, कोठडींत पडलेला निरपराध माणूस आहे. नाहीं तो अपराधी. साऱ्या तपासाचें फळ एवढेंच कीं कारकून सुटतो.

विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी १८६८ सालची. या सुट्टींत ती आम्हीं दुसऱ्यांदां वाचली. १७९९ मध्यें श्रीरंगपट्टण पडलें त्या वेळीं एका इंग्रज अधिकाऱ्यानें पळविलेला हिरा तिच्यांत पुढें इंग्लंडांतील एका तरुणीस वाढदिवसाची भेट म्हणून मिळतो, व त्याच रात्रीं नाहींसा होतो. संशय प्रथम दारीं आलेल्या हिंदी गारुड्यांवर जातो, मग रोझॅना नांवाच्या मोलकरणीवर, मग प्रत्यक्ष त्या तरुणीवर. चोर शोधण्यासाठीं सर्वांत अधिक धडपडतो तो फ्रँकलिन ब्लेक. आणि अखेरीस त्यालाच कळतें कीं त्या रात्रीं कपाटांतून हिरा काढणारा हात आपलाच होता. नकळत पोटांत गेलेल्या अफूच्या अमलाखालीं त्यानें तो काढला, आणि त्याची स्मृतिहि त्यास उरली नाहीं. पुढें हिऱ्याचा अपहार दुसऱ्यानेंच केला हें खरें. परंतु वाचकाच्या मनावर ठसतो तो चोराचा माग काढतां काढतां स्वतःच्याच नांवापाशीं येऊन थांबलेला हा तरुण. तोंवर बिचाऱ्या रोझॅनानें निराशेनें समुद्रकांठच्या रुतत्या वाळूंत देह टाकलेला असतो.

एका कथेंत अपराधी कोणीच नाहीं, दुसरींत शोधणाराच अपराधाचा वांटेकरी आहे. पुढल्या साठ वर्षांत या दोन्ही वाटा बुजल्या. नॉक्सच्या आज्ञांनीं तर दुसरी वाट उघडउघड बंद केली. मधून मधून एखादा लेखक त्या पुन्हां मोकळ्या करतो. अॅगाथा ख्रिस्तीच्या १९३४ मधील आगगाडींतल्या खुनाच्या प्रसिद्ध कादंबरींत पॉयरो हा तपास करणारा अखेरीस एक सोडून दोन उत्तरें मांडतो, आणि खरें कोणतें हें ठाऊक असूनहि दुसरेंच पोलिसांकडे जाऊं देतो. इटालियन पंडित उंबेर्तो एको याच्या १९८० मधील ‘द नेम ऑफ द रोझ’ या कादंबरींत १३२७ सालच्या एका मठांतील मृत्यूंचा तपास चालतो. तपास करणारा विल्यम अपराध्यापर्यंत पोंचतो खरा, पण ज्या सूत्राच्या आधारें तो पोंचला तें सूत्र मुळांत नव्हतेंच असें त्यास कळून येतें, आणि त्याच्या डोळ्यांदेखत मठाचा अमोल ग्रंथसंग्रह जळून जातो. अशीं पुस्तकें वाचून झोंप नीट लागत नाहीं. हा त्यांचा गुण आहे, असें आम्हांस आतां वाटतें.

येथें कोणी म्हणेल कीं हा सारा खेळ आहे. बुद्धिबळांत राजा मेला म्हणून कोणी सुतक धरीत नाहीं. आक्षेप खरा आहे. पण मनाला लागलेली संवय खेळापुरती राहत नाहीं. याचें उदाहरण शेरलॉक होम्सच्या जनकाच्या चरित्रांतच आहे. स्टॅफर्डशायर परगण्यांतील ग्रेट वायर्ली या खेड्यांत शापुरजी एडलजी नांवाचे पाद्री होते. ते मूळचे मुंबईचे पारशी, मागाहून ख्रिस्ती झालेले. त्यांचा मुलगा जॉर्ज बर्मिंगहॅम येथें वकिली करी. १९०३ सालीं त्या खेड्याच्या परिसरांत रात्रीच्या वेळीं गुरेंघोडीं जखमी करण्याचे प्रकार घडले, निनावी पत्रें आलीं, आणि परक्या वर्णाच्या त्या घराकडे बोट वळलें. जॉर्जला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन वर्षांनीं त्यास सोडलें, पण निर्दोष म्हणून नव्हे. कॉनन डॉयल त्यास भेटावयास एका हॉटेलांत गेला तेव्हां जॉर्ज वर्तमानपत्र अगदीं डोळ्यांशीं धरून वाचीत होता. तेवढ्यावरून डॉयलच्या मनानें घेतलें कीं इतक्या अधू दृष्टीचा माणूस काळोखांत शेतेंकुंपणें ओलांडून जनावर गांठूं शकणार नाहीं. १९०७ च्या आरंभीं त्यानें वर्तमानपत्रांत लेख लिहिले; त्याच वर्षीं जॉर्जला माफी मिळाली, नुकसानभरपाई मात्र मिळाली नाहीं; आणि इंग्लंडांत फौजदारी अपिलांचें न्यायालय त्याच वर्षीं स्थापन झालें, त्यास या प्रकरणाचाहि हातभार लागला. येथपर्यंतची कथा कोणासहि अभिमान वाटावा अशी आहे. परंतु एक बोट खालीं घेतांच डॉयलनें दुसरें वर केलें. गुन्हा आहे तर गुन्हेगार सांपडलाच पाहिजे, म्हणून त्यानें दुसऱ्याच एका माणसाविरुद्ध पुरावा जुळवून सरकारकडे दिला, व सरकारला तो पुरेसा वाटला नाहीं. ज्याला एका निरपराध्याची यातना इतकी जवळून दिसली होती, त्यालाहि मोकळी जागा सहन झाली नाहीं!

परंतु हा दोष दुसऱ्याच्या पदरीं टाकून मोकळें होणें बरें नव्हे. सुमारें वीस वर्षांपूर्वींची एक गोष्ट आम्हांस येथें सांगितलीच पाहिजे. वार्षिक परीक्षेंत आमच्या दोन विद्यार्थ्यांचें एका प्रश्नाचें उत्तर शब्दशः सारखें आढळलें. एका इंग्रज कवीच्या मृत्यूचें साल दोघांनींहि चुकविलें होतें, आणि चूकहि एकच होती. दोघे पुढेंमागें बसले होते. पुढें बसलेला मुलगा वर्गांत पहिला येणारा, शहरांतील सुखवस्तु घरचा. मागें बसलेला तालुक्याच्या एका गांवाहून आलेला, बेताच्या गुणांचा. चौकशीसाठीं तिघां प्राध्यापकांची समिति नेमली, तींत आम्ही होतों, आणि निर्णय आम्हींच लिहिला. हुशार मुलास दुसऱ्याचें पाहण्याची गरज नाहीं. पुढें बसणाऱ्यास मागचें दिसत नाहीं. सबब नक्कल मागच्यानेंच केली. ही तर्काची सांखळी आम्हांस इतकी सुरेख वाटली कीं तो कागद आम्हीं घरीं वाचून दाखविला. त्या मुलानें समितीपुढें एवढेंच म्हटलें : “सर, मीं पाठ केलें होतें.” त्याची परीक्षा रद्द झाली. जूनमध्यें महाविद्यालय उघडलें तेव्हां तो परत आला नाहीं.

पुढें दोन वर्षांनीं तो पहिला येणारा विद्यार्थी आमचा निरोप घेण्यास आला असतां, वसतिगृहांत हातोहात फिरणाऱ्या एका जुन्या वहीचा विषय निघाला, आणि दुसऱ्या दिवशीं त्यानें ती आणून दाखविली. तें उत्तर तींत जसेंच्या तसें होतें, चुकलेल्या सालासकट. आणि पानाच्या माथ्यावर व्याख्यानाची तारीख व आमचें नांव होतें. आम्ही नवखे असतांना वर्गांत सांगितलेलें तें साल आम्हीं मागाहून दुरुस्त केलें होतें. वहींत तें तसेंच राहिलें होतें. दोन उत्तरपत्रिकांत आमचींच वाक्यें आम्हीं वाचलीं, आणि आम्हांस तीं ओळखूं आलीं नाहींत. “हें तूं तेव्हां कां सांगितलें नाहींस?” असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, “सर, मला कोणी विचारलेंच नाहीं. तुमच्यापाशीं दुसरा कांहीं पुरावा असेल असें वाटलें.” तो म्हणत होता तें खरें होतें. त्यास आम्हीं बोलाविलेंच नव्हतें. अपराधी ठरल्यावर आणखी विचारपूस कशाला? दुसऱ्या मुलाच्या गांवच्या पत्त्यावर आम्हीं सविस्तर पत्र पाठविलें. उत्तर आलें नाहीं. आणि तें कां यावें?

या सुट्टींत एके रात्रीं परदेशी कादंबऱ्यांचा कंटाळा येऊन आम्हीं घरांतली जुनी वेताळपंचविशी काढली. अकराव्या शतकांत काश्मीरमध्यें सोमदेवानें रचलेल्या कथासरित्सागरांतहि या कथा आहेत, आणि त्यांतली एक वाचतांना आम्ही थबकलों. हरिस्वामी नांवाचा ब्राह्मण पत्नीच्या वियोगानें रानोमाळ भटकत, भुकेनें व्याकुळ होऊन एका गृहस्थाच्या दारीं येतो. घरची बाई त्यास भांडें भरून खीर देते. तें तो तळ्याच्या कांठीं वडाखालीं ठेवतो व हातपाय धुण्यास जातो. इतक्यांत एक घार सापाला पंजांत धरून त्या झाडावर येऊन बसते, आणि सापाच्या तोंडांतलें विष ठिबकून खिरींत पडतें. ब्राह्मण ती खातो, विष चढूं लागतें, तसा तो धडपडत त्या घरीं जातो व “तुझ्या अन्नानें माझा जीव घेतला” असें बाईस म्हणून प्राण सोडतो. नवरा बायकोला घराबाहेर काढतो. वेताळ विचारतो : “राजा, ब्रह्महत्येचें पाप कोणाचें?” प्रेत आहे, विष आहे, साक्षीदार आहे, संशयितहि आहेत; रहस्यकथेची सर्व सामग्री येथें नऊशें वर्षांपूर्वींच सिद्ध आहे. राजा उत्तर देतो : साप शत्रूच्या पंजांत परवश होता, घारीनें आपलें भक्ष्य आणलें होतें, अन्न देणाऱ्यांनीं धर्म केला होता. यांपैकीं कोणाचेंहि पाप नाहीं. जो अविचारी मनुष्य यांतल्या एकास अपराधी म्हणेल, पाप त्याचें!

हें उत्तर आम्हीं लहानपणींहि वाचलें असेल, परंतु तेव्हां तें एक चमत्कारिक कोडें वाटलें असावें. त्या रात्रीं तें वाचून आम्हीं पुस्तक मिटलें, आणि आमच्या डोळ्यांपुढें “मीं पाठ केलें होतें” म्हणणारा मुलगा उभा राहिला. राजाची पद्धति नीट पाहिली तर ती तपास करणाराचीच आहे. तोहि एकेकाची झडती घेतो. भेद आहे तो प्रश्नांत. रहस्यकथेंतला चतुर पुरुष प्रत्येकाविषयीं विचारतो : याला हें करतां आलें असतें काय? राजा विचारतो : याला याहून वेगळें करतां आलें असतें काय? पहिल्या प्रश्नानें अपराधी सांपडतो. दुसऱ्या प्रश्नानें अपराधाचें माप कळतें. हा दुसरा प्रश्न विचारला म्हणजे सगळेच सुटतात, अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं. पैशासाठीं काकाला विष देणाऱ्या पुतण्यास वेगळें करतां आलें असतें. राजानें त्यास सोडलें नसतें. पण त्या दिवाणखान्यांतल्या बाकीच्यांनाहि त्यानें इतक्या स्वस्तांत चहाला जाऊं दिलें नसतें.

वेताळाची ही गोष्ट रहस्यकथा आहे, तशीच ती अद्भुतकथाहि आहे; स्मशान, बोलणारें प्रेत, फुटूं पाहणारें मस्तक, यांवांचून ती उभीच राहत नाहीं. म्हणून सुट्टींतल्या जादूच्या पुस्तकांकडे आम्ही वेगळ्या नजरेनें पाहूं लागलों. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी १९६८ सालची. गेड नांवाचा हुशार, गर्विष्ठ मुलगा जादूच्या विद्यापीठांत शिकत असतां एका सहाध्यायाशीं ईर्ष्येनें पैज मारतो व मृताचा आत्मा बोलावितो. फांकलेल्या अंधारांतून त्याबरोबर एक छाया बाहेर पडते, त्याच्या तोंडावर ओरखडे काढते, आणि तेव्हांपासून त्याच्या मागें लागते. ती भेग बुजवितांना त्याच्या वृद्ध गुरुश्रेष्ठाचा प्राण जातो. पुष्कळ पळापळ झाल्यावर गेड उलटा फिरतो व छायेचाच पाठलाग करतो. पृथ्वीच्या टोंकापलीकडच्या समुद्रांत तीं दोघें समोरासमोर येतात. त्या जगांत ज्याचें खरें नांव कळतें तें वश होतें. गेड छायेला नांवानें हांक मारतो, आणि तें नांव त्याचें स्वतःचेंच असतें.

नॉक्सची आज्ञा आठवावी : तपास करणारानें स्वतः गुन्हा केलेला असूं नये. नेमकी तीच गोष्ट ही जादूची कादंबरी करते. राजाच्या दोन प्रश्नांत तिनें तिसऱ्याची भर घातली आहे : यांत माझा वांटा किती? मनुष्याच्या गर्वाला बाहेर शरीर नसतें, म्हणून वास्तववादी कथेंत तो सहज दडून बसतो. अद्भुतकथा त्याला हातपाय देऊन आपल्या दारांत उभा करते. टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) मध्येंहि, ज्यानें दुष्ट अंगठी नष्ट करावयाची तो सत्प्रवृत्त फ्रोडो अखेरच्या पायरीवर मोहास बळी पडून ती आपलीच म्हणतो. आणि कार्य सिद्धीस जातें तें, पूर्वीं दयेनें जिवंत सोडलेल्या एका क्षुद्र, खुनशी जीवाच्या हातून. ज्याच्याकडे सर्वांनीं बोट दाखविलें असतें त्यालाच कोणीतरी मारलें नव्हतें, म्हणून जग वांचलें! असें रहस्य उकलून दाखविणारी कोणतीहि खुनाची कादंबरी आम्हांस आठवत नाहीं.

पण लगेच आम्हीं दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, नाहींतर अद्भुतकथेच्या प्रेमांत पडून आम्ही पुन्हां अविचारीच ठरूं. याच टॉल्किनच्या ग्रंथांत काळ्याकुट्ट अधिपतीचीं सैन्यें आहेत, आणि त्याच्या अनुकरणानें पुढें लिहिल्या गेलेल्या कित्येक ग्रंथांत जन्मतःच दुष्ट अशा अख्ख्या जमाती आहेत. त्यांची कत्तल झाली कीं वाचकानें टाळ्या वाजवावयाच्या. रहस्यकथा निदान एका माणसाकडे बोट दाखविते, व त्यासाठीं पुरावा देते. हीं पुस्तकें संबंध वंशाकडे बोट दाखवितात, आणि पुरावा मागण्याची पद्धतच ठेवीत नाहींत. जगाच्या इतिहासांत या दुसऱ्या संवयीनें जेवढीं प्रेतें पाडलीं तेवढीं पहिलीनें खचित पाडलीं नसतील. तेव्हां एक प्रकार सत्याजवळचा व दुसरा दूरचा, हा जुना हिशेब उलटा करूनहि भागत नाहीं. सीमारेषा दोन प्रकारांमधून जातच नाहीं. ती प्रत्येक प्रकारांतून, पुस्तकापुस्तकांतून जाते. जें पुस्तक मिटल्यावर आपण अधिक निर्दोष झालों असें वाटतें त्याच्याविषयीं सावध असावें, एवढीच खूण आम्हांस सांपडली आहे.

मग न्याय करूंच नये काय? कोणाकडेहि बोट दाखवूं नये काय? अशी भूतदया आम्हांस मान्य नाहीं, आणि वेताळालाहि ती मान्य नव्हती. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर तुझें मस्तक फुटेल, अशीच त्याची अट होती. मौन हें नेहमींच साधुत्व नसतें. पुष्कळदां तें भित्रेपणाचें सोंवळें असतें. बोललें पाहिजे; मात्र सापाला, घारीला, घरच्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला, एकेकास विचारून झाल्यावर बोललें पाहिजे; आणि त्या यादींत शेवटीं आपलें स्वतःचें नांव घालून पाहिलें पाहिजे. आणखीहि एक गोष्ट या कथेंत आहे, जी लहानपणीं आम्हांस केवळ चिडविण्यासाठीं योजलेली वाटे. राजानें बरोबर उत्तर दिलें तरी त्याचें काम संपत नाहीं. त्यानें तोंड उघडतांच प्रेत त्याच्या खांद्यावरून निसटून झाडावर जाऊन लोंबकळतें, आणि त्याच काळोखांतून त्याला पुन्हां त्या झाडाकडे चालत जावें लागतें. खुनाची कादंबरी उत्तरापाशीं संपते. आपलें तसें होत नाहीं.

सुट्टी संपली आहे. आमच्या टेबलावर पुरवणी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा येऊन पडला आहे. काल त्यांत दोन उत्तरें ओळीनें ओळ सारखीं निघालीं. आम्हीं दोघांसहि उद्यां सकाळीं बोलाविलें आहे, आणि येतांना आपापल्या वह्या आणण्यास सांगितलें आहे.